गजरानानीच्या बांधाचा सांडवा

"हातात मावेल एवढाच आणा म्हटलं होतं. तर ह्यांनी जात्याची अख्खी तळीच उचलून आणली," रखमा माझ्या कानाशी पुटपुटली. "बघ, कसे वाकडे चाललेत. कंबर धरली की तेल मीच लावायचं."

"हळू बोल. दहावं आहे."

"दहावं नानीचं हाय. कंबर ह्यांची हाय."

आम्ही बायका ओढ्याच्या काठावर पदर घेऊन उभ्या होतो. खाली बांधावर पुरुषमंडळी एकेक करून दगड ठेवत होती. आमच्या वाडीत दहाव्याला ही एक रीत आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं घरटी एक दगड पाण्याकाठी लावायचा. बाकीच्या गावांना नदीचा घाट असतो, तिथं एखादी निखळलेली पायरी बसते आणि मग पिढ्यान् पिढ्या तिच्यावर धुणी आपटली जातात. आमच्याकडे ना नदी, ना घाट. होता तो ओढा, आणि ओढ्यावर नानीचा बांध. म्हणून नानीचे दगड नानीच्याच बांधावर. सगळ्यांना ते इतकं शोभून दिसलं, की शब्द काढायला कोणाला जागाच उरली नाही.

बांध नानीचा म्हणजे खरोखरच तिचा. गजराबाई तिचं नाव, पण नानी म्हणूनच सगळे हाक मारायचे. आमच्या माथ्यावरचं डोंगररान उघडं. पाऊस पडला की ओघळी धावत सुटायच्या आणि ओढ्याला चहासारखं पाणी यायचं. नानी काठावर उभी राहून त्या पाण्याला शिव्या घालायची. "नेतीस कुठं गं भवाने रान आमचं? खाली तुझा कोण नवरा बसलाय?" मग एकदा ती कुठल्याशा गावी शिबिराला जाऊन आली आणि आम्हा बायकांना हाकत डोंगरावर घेऊन गेली. पहिल्यांदा वरच्या बारक्या ओघळी. तिथं गुडघ्याएवढे दगडी बांध. मग त्याखालच्या. असं करत करत शेवटी ओढ्यावर हा मोठा. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. पुरुष म्हणायचे, बायकांचा भातुकलीचा खेळ चाललाय. नानी म्हणायची, चालू द्या, तुमचं पत्त्याचं शेत नीट राखा.

तिचा एकच हट्ट होता. बांधाची मधली बाजू खाली हवी आणि दोन्ही कडा वर. मधल्या त्या खोलग्याला सांडवा म्हणायचं. पूर आला की पाणी सांडव्यावरून मधोमध उडी मारून पुढं जातं, काठाला हात लावत नाही. आमच्यातल्या कोणी चुकून मध्ये एक दगड जास्त ठेवला, की नानी खालून ओरडायची, "कडा खाईल गं! मधी खाली ठेव! कडा खाईल!" लग्नकार्यात पंगतीला बसलो तरी आम्ही एकमेकींना भाताचं आळं दाखवून म्हणायचो, मधी खाली ठेव गं, कडा खाईल.

आणि त्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत पुरुष एकेक दगड नेऊन ठेवत होते तो मधोमध. सांडव्यातच. मानाची जागा ना ती. नानीचा दगड कडेला कोण ठेवेल?

शेवटी निवृत्ती आला. निवृत्ती नानीचा मुलगा, पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी. त्यानं बैलांना साखळी लावून एक लांबट शिळा ओढत आणली होती. चौघांनी हात लावला. शिळा सांडव्यात आडवी बसली. त्यानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग खाली वाकून तिच्या दोन्ही बाजूंना दगडाच्या चिपा ठोकल्या. एकेक चीप निवडून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातोडी चालली होती. बांधाचा माथा आता या काठापासून त्या काठापर्यंत सरळ झाला होता, घराच्या भिंतीसारखा.

मी शेजारी पाहिलं. नानीची लेक वच्छी त्या शिळेकडं बघत होती. रडत नव्हती.

वच्छीचं सांगायला हवं. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती एक पिशवी घेऊन माहेरी आली. निवृत्तीनं तिला बाहेर ठेवलं असं नाही, पडवी दिली, ताट दिलं. पण त्या ताटाबरोबर सगळं शेतही दिलं, म्हणजे खुरपायला. भांगलण वच्छीची, गोठा वच्छीचा, लग्नघरी वाढायला वच्छी. इकडं बांधाच्या वरच्या अंगाला गाळ साचत गेला आणि डाव्या काठाला एक पट्टी तयार झाली. काळी, मऊ, पाय रुतेल अशी. उजवीकडं कातळ, तिकडं काही टिकणारं नव्हतं. पट्टी कोणाची यावर आधी सगळे हसले, मग ती हिरवी दिसायला लागल्यावर हसायचे थांबले. निवृत्ती म्हणाला, आमच्या वावराला लागून आहे, आमचीच. नानी म्हणाली, "वावराचं माहीत न्हाई. गाळ बायकांनी अडवलाय, तो बाईलाच जाईल." आणि वच्छीला दिली. वच्छीनं काठावर उंचवट्याला एक खोपट घातलं, शेळी बांधली, बाजरी केली, कांदा केला. पहिल्या कांद्याची एक पाटी तिनं भावाच्या घरी नेऊन दिली. निवृत्तीनं कांदा फोडून खाल्ला आणि म्हणाला, "गोड हाय. पण भाऊ जिता असताना बहीण ओढ्यात राहती, हे गावाला गोड लागंल का?"

तो दर सणाला तिला घरी ये म्हणायचा. ती दर सणाला पुरणपोळी खायची आणि संध्याकाळच्या आत पट्टीवर परत जायची.

दहावं झालं, तेरावं झालं. वाडी आपल्या कामाला लागली. मला मात्र बांधाकडं बघवेना. एकदा रखमाला म्हटलं, "पाणी आलं की कुठून जाणार गं?"

"उजवीकडं कातळ हाय," ती म्हणाली. टोपलीतली भेंडी निवडत राहिली. भेंडी निवडायची भाजी नाही, हे तिलाही माहीत होतं.

आम्ही दोघी पांडुतात्यांकडं गेलो. तात्या भावकीतले वडील. रीत काय, कुठं काय चालतं, हे त्यांना विचारायचं. ते ओट्यावर बसून दोर वळत होते. आणखी दोन-चार जण होते.

"तात्या," मी म्हटलं, "नानीचे दगड जरा बाजूला सरकवता येतील का? काढायचे नाहीत. मधले कडंला घ्यायचे."

"लावलेला दगड हलवत न्हाईत, लीलाबाई. वर्षश्राद्ध होऊ दे. मग लेकानं नारळ फोडून हलवावा."

"पाऊस थांबणार हाय व्हय वर्षश्राद्धापर्यंत?" रखमा म्हणाली.

"ते तू पावसाला विचार."

"सांडवा बुजलाय, तात्या," मी म्हटलं. "आम्ही बांधलाय तो बांध. आम्हाला कळतं."

तात्यांनी दोराला पीळ दिला. "तुम्हाला कळतं. आन् निवृत्तीला कळत न्हाई? एवढा गवंडी तो. त्यानं स्वतः..."

आणि तात्या थांबले. ओट्यावरचे सगळे एकदम कशाकशाकडं बघायला लागले. एकानं चप्पल उलटी करून तिचा तळवा पाहिला. तात्यांनी आत हाक मारली, "अगं, च्या टाक की. बायका आल्यात."

चहा झाला. कोणाच्या तरी म्हशीचा विषय निघाला. आम्ही उठलो. वाटेत रखमा म्हणाली, "च्या पातळ होता." मी म्हटलं, हो.

मग मी निवृत्तीकडंच गेले. मला वाटलं, सरळ माणसाशी सरळ बोलावं. तो एका नव्या घराच्या पायाच्या चरात उभा होता, हातात ओळंबा.

"भाऊजी, बांधाचा सांडवा तेवढा मोकळा करायला हवा."

"वहिनी," तो म्हणाला, आणि ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला, "आईच्या नावाचा दगड हाय तो. वर्षाच्या आत मी तो हलवला तर लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा. तुम्हाला काय वाटतं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, ते मला आजही नाकारता येत नाही. "मला आई दिसती तिथं," तो म्हणाला. "बस. एवढंच हाय."

तशीच परत आले.

राहिली वच्छी. बाजरी कणसाला आली होती. ती गोफण घेऊन मचाणावर बसली होती आणि पाखरांना हाकता हाकता त्यांच्याशी भांडत होती. "ये, आणखी घेऊन ये पाव्हणे. आमच्याकडं लगीन हाय."

मी खाली उभी राहून म्हटलं, "वच्छे, तू बोल निवृत्तीला."

"काय बोलू?"

"मधला दगड काढ म्हण."

"मग तो म्हणंल, का काढू?"

"सांडवा बुजलाय म्हण. पाणी पट्टीत येईल म्हण."

"मग तो म्हणंल, अगं बाई, माझ्या ध्यानातच आलं न्हाई." ती हसली. गोफणीत खडा ठेवला. "मग मी काय म्हणू, वहिनी?"

तिनं गोफण फिरवली, खडा भलतीकडंच गेला, पाखरं जागची हलली नाहीत.

"मला एकच माहेर हाय," ती म्हणाली. "त्यात एकच भाऊ हाय. तो बी असा प्रश्न इचारून घालवू?"

"मग आपण बायकाच काढू ते दगड. बांध आम्हीच लावलाय, त्यातले दगडही आम्हीच काढू."

"आईच्या दहाव्याचे दगड सुनांनी आन् लेकीनं उपसले म्हणतील. तुमच्या घरी तुम्हाला जेवू घालतील का?"

खरं सांगायचं तर नसतं घातलं. माझे दीर त्या दिवशी दगड ठेवून आले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यातून ज्या बायकांना मी हळूच विचारलं, त्यातली प्रत्येक जण म्हणाली, तू पुढं हो, मी मागून येते. मागून यायला आम्ही पुष्कळ होतो.

आषाढ, श्रावण भुरभुरीत गेले होते, भादवाही तसाच गेला. ओढ्याला नुसतं घोट्याइतकं पाणी, ते दगडांच्या फटींतून मुकाट पाझरून जायचं. मला वाटायला लागलं, निघेल वर्ष. बाजरी पिवळी पडली. वच्छीनं विळ्याला धार लावून घेतली.

हस्तात मात्र एका दुपारी डोंगरावर अंधारलं. आमच्याकडं पाऊस पडायच्या आधीच ओढ्याचा आवाज आला, इतका तो वर पडत होता. मी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धावले. पोहोचले तोवर अर्धी वाडी काठावर जमली होती.

पाणी लाल आलं होतं. वरच्या बारक्या बांधांनी बरंच झेललं असणार, तरीही ते एवढं होतं. ते नानीच्या बांधाशी आलं आणि थांबलं. खरोखर थांबलं. मागं फुगायला लागलं. शिळेच्या कडेपर्यंत चढलं, तिथं जरा घुटमळलं, आणि मग गर्दीत माणूस खांदा घालतो तसं त्यानं डावीकडं अंग घातलं.

काठाच्या मातीला आधी एक बोटभर चीर पडली. वच्छी तिथंच उभी होती, बाजरीच्या कडेला. रखमानं ओरडून तिला मागं ओढलं. चिरेचं भगदाड झालं. बांधाची कड निखळली, आणि पाणी बांध सोडून बाजूनं, पट्टीतून, वाट काढत निघालं. पट्टीचा तुकडा तुटायचा तो उभाच्या उभा. बाजरी सरळ, कणसं वर, आणि खालची जमीन चाललेली. दिंडीतून पताका जावी तशी ताठ जायची आणि मग एकदम आडवी व्हायची.

कोणी ओरडत होतं, कोणी म्हणत होतं काटक्या टाका, पोती टाका. दोन पोती टाकली, ती पाण्यानं बघितलीही नाहीत. वच्छी विळा घेऊन पुढं झाली, जेवढी हाताला येईल तेवढी बाजरी कापायला. आम्ही तिला धरलं. ती सुटायला धडपडत होती.

तेवढ्यात निवृत्ती आला. भिजलेला, अनवाणी, हातात पहार. त्यानं कमरेला दोर बांधला, टोक तात्यांच्या पुतण्यांकडं फेकलं आणि कातळाच्या बाजूनं बांधावर उतरला. मधल्या दगडांना पहार लावली. घरोघरचे ते दगड तो एकेक करून उलथून टाकायला लागला. वर्षश्राद्ध नाही, नारळ नाही. रखमाची जात्याची तळी गेली. आमच्या घरचा दगड गेला. पाणी कमरेला लागत होतं. मग तो शिळेशी आला. त्यानं पहार खाली घालून सगळा भार दिला. पुन्हा दिला. पुन्हा. चिपा इतक्या घट्ट बसल्या होत्या की पहार घसरून यायची.

"निघंना!" तो ओरडला. आवाज लहान मुलासारखा फुटला होता. "निघंना, तात्या!"

"ये वर!" तात्या ओरडले. "मरशील! वर ये!"

तो येईना. शेवटी पुतण्यांनी दोर ओढून त्याला काठावर घेतलं. तो मातीत बसून खोकत राहिला, आणि आम्ही सगळे पट्टीचं उरलेलं टोक जाताना पाहत राहिलो. ते गेलं तेव्हा फार आवाज झाला नाही.

पाऊस ओसरला तेव्हा उजेड परत आला होता, तिरपा, पिवळा. उंचवट्यावरचं खोपट वाचलं होतं आणि त्याच्या दारात शेळी ओरडत होती. पट्टीच्या जागी एक खोल घळ होती आणि तिच्या तळाला ओल्या दगडगोट्यांवरून पाणी चाललं होतं, जसं काही ते नेहमीच तिथून जात होतं. बांध मात्र, डावी कड सोडली तर, जागेवर होता. शिळेसकट.

निवृत्तीची बायको इंदू किटलीत चहा घेऊन आली. तिनं सगळ्यांना कपात ओतून दिला. वच्छीचा कप भरला तरी ती ओततच राहिली आणि चहा बशीत सांडला. कोणी बोलेना, म्हणून मग सगळे बोलायला लागले.

"निसर्गापुढं कुणाचं काय चाललंय," एक जण म्हणाला.

"औंदा पाऊसच इचित्र."

"जीव वाचला, हे काय कमी हाय?"

"दुःखात माणसाला काय सुधरत न्हाई," तात्या म्हणाले. "आईचं दुःख. कुणाचं डोकं ठिकाणावर व्हतं त्या दिवशी?"

माना डोलल्या. माझीही डोलली असेल.

निवृत्ती उठून वच्छीजवळ आला. अंगावरचं पाणी निथळत होतं, तळहात पहारीनं सोलले होते. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"वच्छे, माझं चुकलं. डोळ्याला पाणी व्हतं, मला सांडवा दिसलाच न्हाई." त्यानं नाक ओढलं. "झालं ते झालं. आता हितं एकटी राहू नगंस. शेळी सोड, बोचकं बांध, घरी चल. खोली साफ करून ठिवतो. तुझ्या भाकरीला मी काय कमी करणार हाय का?"

सगळ्या काठावर एक सुस्कारा पडला. इंदूनं पदर तोंडाला लावला. "चला," तात्या म्हणाले, "भाऊ भाऊच असतो. मिटलं."

वच्छीनं बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. कप खाली मातीवर ठेवला, कलंडू नये म्हणून जरा दाबून. मग तिनं भावाकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. थकलेलं माणूस ओझं खाली ठेवताना दिसतं तशी ती दिसत होती.

"सांडवा तुला दिसला व्हता, दादा," ती म्हणाली. "बघूनच बुजवलास तू."